मळखाऊ रंगाचं पांघरूण

काही कामं अशी असतात की ती करणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. आजारी माणसासाठी काही विणायला घ्यावं, हे त्यातलंच एक. मांडीवर लोकरीचा गुंडा, हातात क्रोशाची सुई, आणि कोणी विचारलंच तर सांगायचं, थोरल्या जाऊबाईंसाठी पांघरूण करतेय, त्यांचं डायलिसिस सुरू आहे ना. एवढं ऐकलं की समोरच्याचा आवाजच बदलतो. भिशीला आलेल्या बायका कोपरा हातात घेऊन बघतात आणि म्हणतात, "जावेसाठी कोण करतं हो हल्ली एवढं!" स्वयंपाकाला उशीर झाला तरी घरात कोणी कुरकुर करत नाही. मी हे विणतेय असं कळल्यावर शेजारच्यांनी तर चहाचा कपही मला जागेवर आणून दिला. इतकं सगळं एकमुखाने चांगलं म्हटलं जायला लागलं, तेव्हा मलाच बेचैन वाटू लागलं. बाहेरचं कोणी विचारणार नसेल तर आपणच आपल्याला विचारायला हवं, म्हणून हे लिहायला बसले.

या जाऊबाईंना मी वहिनी म्हणते. त्या मिरजेला असतात, आम्ही पुण्याला. मधुमेहाने त्यांची मूत्रपिंडं हळूहळू निकामी केली आणि आता आठवड्यातून दोनदा पुतण्या त्यांना डायलिसिसला नेतो. एका वेळेला चार तास. पलंगावर पडून राहायचं, उशाशी यंत्र, हातात दोन सुया. एकीतून रक्त बाहेर जातं, गाळलं जातं, दुसरीतून परत येतं. नळ्यांतून फिरताना ते रक्त थोडं निवतं. खोलीत एसी असतो. शिवाय या आजारात अंगात रक्तच कमी असतं, कारण शरीराला रक्त तयार करायला सांगणारं संप्रेरक मूत्रपिंडातच बनतं. त्यामुळे बाहेर उन्हाचा वणवा पेटलेला असला तरी तिथे पडलेलं माणूस कुडकुडतं. वहिनी फोनवर म्हणाल्या होत्या, "अगं, हाडात गारवा शिरतो. तिथली चादर अंगावर असून नसल्यासारखी."

हे ऐकलं आणि मी दुसऱ्याच दिवशी घराबाहेर पडले. मिरजेला नाही, तुळशीबागेत, लोकर आणायला. मला जे तपासायचं आहे ते इथूनच सुरू होतं.

आधी पांघरुणाच्या बाजूने बोलते, त्याच्यावर अन्याय व्हायला नको. माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं ते जाळीचं, मलईच्या रंगाचं, कडेने शिंपल्यांची झालर असलेलं पांघरूण. क्रोशात अशी जाळी फार देखणी उतरते. साखळ्या टाकायच्या, मध्ये घर सोडायचं, पुढच्या घरात खांबांचा झुपका उभा करायचा. थोडं विणूनही झालं होतं, तेव्हा पुतण्याशी बोलणं झालं. त्याच्याकडून कळलं, की डायलिसिसचा हात पांघरुणाच्या बाहेर, सगळ्यांना दिसेल असा ठेवावा लागतो. सुई निसटली तर काही मिनिटांत पुष्कळ रक्त वाहून जातं, आणि हात झाकलेला असला तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणजे गळ्यापर्यंत गुरफटून घ्यायचं मोठं पांघरूण तिथे कामाचं नाही. जाळीच्या घरात नळी अडकायची भीती, ती वेगळीच. विणलेलं सगळं उसवलं. क्रोशात उसवणं सोपं असतं, सुईवर एका वेळी एकच टाका जिवंत असतो, तो सोडून धागा ओढला की ओळीच्या ओळी सुटत जातात.

मग वीण ठरवायला बसले. नुसते मुके खांब घातले तर वीण दाट होते, पण पुठ्ठ्यासारखी ताठ, अंगाशी बसत नाही. पूर्ण खांब उंच असतात, त्यांच्यामधून वारा जातो. अर्धे खांब घेतले. रुंदी एक मीटर, लांबी सव्वा मीटर. वहिनी ठेंगण्या आहेत, तेवढं छातीपासून पावलांपर्यंत पुरतं, पलंगाच्या कडेवरून खाली लोंबत नाही आणि डावा हात मोकळा राहतो. लोकर अॅक्रिलिकची घेतली. खरी लोकर जास्त ऊबदार, पण गरम पाण्यात ती आटून घट्ट होते, आणि दवाखान्यात नेण्याची वस्तू वरचेवर धुतलीच पाहिजे.

रंग मात्र त्यांनाच विचारला. "कुठला आणू, वहिनी?"

"मळखाऊ घे. तिथे बीटाडीनचे डाग पडतात, रक्ताचे पडतात. पांढरंबिंढरं नको."

गडद तपकिरी लोकर आणली. माझ्या वयाच्या डोळ्यांना रात्री ट्यूबलाइटखाली गडद रंगातली घरं दिसत नाहीत. सुई कुठे घालायची ते बोटाने चाचपावं लागतं, पुन्हा पुन्हा मोजावं लागतं. मलईच्या रंगातलं विणकाम बघत बसण्यात जो आनंद असतो तो यात नाही. तरी हे ठीक झालं असं मला मनापासून वाटतं, कारण कोणासाठी तरी वस्तू करायची तर ती त्याच्या पलंगाच्या मापाची, त्याच्या डागांच्या रंगाची हवी. इथपर्यंत माझा हिशेब स्वच्छ आहे. यापुढे तो तसा राहत नाही.

हाताने केलेल्या वस्तूबद्दल नेहमी म्हणतात की तिच्या टाक्याटाक्यात करणाऱ्याची माया असते. मी क्रोशा आईकडून शिकले, शाळेत असताना. रुखवतातले रुमाल, टेबलक्लॉथ, दाराची तोरणं, भाच्यांची टोपडी, पुष्कळ विणलं. त्या जोरावर सांगते, टाका घालताना मन त्या माणसापाशी नसतं. मन मोजण्यात असतं. मोजणं सवयीचं झालं की ते गॅसच्या सिलिंडरकडे जातं, वीजबिलाकडे जातं, धाकट्या मुलाने दोन दिवसांत फोन केला नाही तिकडे जातं. वहिनींची आठवण येते ती काम हातात घेताना, आणि ओळ संपवून पांघरूण उलटं करताना. मधल्या सगळ्या वेळात डोकं शांत असतं. त्या शांतपणासाठीच मी विणते, आयुष्यभर विणत आले. वहिनींच्या आजाराची बातमी आली तेव्हा मी घाबरले होते. घरात त्या आणि मी, अशा दोघीच सुना. त्या माझ्याहून फक्त सहा वर्षांनी मोठ्या. त्यांच्या अंगात जे चाललं आहे ते उद्या माझ्याही अंगात होऊ शकतं. ती भीती घेऊन बसायची ताकद माझ्यात नव्हती. हातांना काम दिल्यावर ती उतरली. म्हणजे या पांघरुणाचा पहिला उपयोग मला झाला, ते मिरजेला पोचायच्या कितीतरी आधी.

यात पाप आहे असं मी म्हणत नाही. देणाऱ्यालाही देताना बरं वाटावं, त्यात काही वाईट नाही. पण ते बरं वाटणं नेमकं कशाचं होतं, हे ओळखता यायला हवं. ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळ फिलिप आयलंड नावाचं बेट आहे, तिथे छोट्या जातीच्या पेंग्विनांची मोठी वस्ती आहे. समुद्रात तेल सांडलं की या पक्ष्यांच्या पिसांना ते चिकटतं, पक्षी चोचीने पिसं साफ करायला जातात आणि ते विष पोटात जातं. म्हणून त्यांना धुऊन काढेपर्यंत अंगात लोकरीचा छोटा स्वेटर घालतात. 2001 साली तिथे असं तेल सांडलं तेव्हा 438 पेंग्विन त्यात सापडले होते. हा स्वेटर लागतो असं जगाला कळलं आणि देशोदेशींच्या विणणाऱ्यांनी तो विणून पाठवायला सुरुवात केली. पक्षी शेकड्यांत, स्वेटर त्याच्या कितीतरी पट. इतके आले की जास्तीचे स्वेटर खेळण्यातल्या पेंग्विनांना घालून ते विकायचे आणि त्या पैशातून खऱ्या पक्ष्यांसाठी निधी उभा करायचा, अशी सोय करावी लागली. मी त्या विणणाऱ्यांना नावं ठेवत नाही. मला त्यांच्यात माझी ओळख पटते. पक्ष्यांची गरज एका ठिकाणी संपली, हातांची गरज संपली नाही. वहिनी म्हणाल्या असत्या, "पांघरूण नको गं, तू चार दिवस राहायला ये," तर मी काय केलं असतं? गेले असते, आणि तिथे बसून पांघरूणच विणलं असतं.

दुसरा प्रश्न वेळाचा. माझा सगळा दुपारचा वेळ मी यात घातला, त्याला माया म्हटलं गेलं. पण हाच टाका, हीच सुई, हेच तास दुसऱ्या कोणाचे असले की त्यांना काय म्हणतात? क्रोशाचा खरा टाका अजूनही यंत्रावर पडत नाही. सुयांवरचं विणकाम यंत्राने होतं, क्रोशा हातानेच करावा लागतो. म्हणजे दुकानात शंभर-दोनशे रुपयांत मिळणारा क्रोशाचा रुमाल कोणीतरी हातानेच विणलेला असतो. आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर आहे. मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात तिकडे ही कला नेली, आणि आजही त्या भागातल्या बायका ओट्यावर बसून परदेशी जाणारी लेस विणतात. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी त्यांच्यावर केलेला अभ्यास 1982 साली पुस्तकरूपाने आला. त्यांनी दाखवून दिलं ते असं, की या बायका दिवसाचे कित्येक तास विणत होत्या, माल थेट परदेशच्या बाजारात जात होता, पण त्यांना कोणी कामगार मानत नव्हतं. घरी बसून फावल्या वेळात करतात, घरच्याच बायका तर आहेत, अशी सगळ्यांची समजूत. आणि त्या समजुतीमुळेच मजुरी नाममात्र ठेवता येत होती.

फावला वेळ, घरचंच काम, बायका करतातच. हे शब्द मी नरसापूरबद्दल वाचले आणि मला मिरजेचं घर आठवलं.

सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा त्या मिरजेच्या घरात होत्या आणि शेवटपर्यंत तिथेच राहिल्या. त्यांचं सगळं वहिनींनी केलं. एका अंगावर पडून राहिलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्रीसुद्धा. वहिनी गजर लावून उठायच्या. कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, चादर ओली असली तर माणूस पलंगावर असतानाच ती काढून दुसरी घालायची. पेज भरवताना ठसका लागू नये म्हणून मान उचलून धरायची. हे वर्षानुवर्षं चाललं. आम्ही दोघं पुण्यात नोकरीला. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात न चुकता पैसे पाठवत होतो. गणपतीला जायचो, दिवाळीला जायचो, जाताना वहिनींना चांगली साडी न्यायचो. येताना गाडीत बसलं की मी यांना म्हणायची, "वहिनींना बाई कामाची आवडच आहे." त्या वाक्यावर मला पुढचे सहा महिने झोप लागायची. त्यांच्या रात्रीच्या उठण्याला आम्ही आवड म्हणत होतो. मजुरी तर सोडाच, त्याला काम हे नावही दिलं नव्हतं.

वहिनी याबद्दल एकदाच बोलल्या. सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला सगळे जमलो होतो, पानं वाढायची चालली होती. त्या वड्यांचं ताट हातात घेऊन माजघराच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. सगळ्यांवरून नजर फिरवून म्हणाल्या, "पंगतीला बरे सगळे जमले." आवाज अजिबात चढा नव्हता. मी ऐकलं, आणि त्यांच्या हातातलं ताट घेऊन वाढायला निघून गेले. मदतीला धावले, असं बघणाऱ्याला दिसलं असेल. खरं तर मी त्यांचं पुढचं वाक्य येऊ दिलं नाही. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. ते पुढचं वाक्य अजून त्यांच्याकडेच आहे.

आता पांघरुणाकडे पुन्हा बघते. महिन्याचे पैसे, दिवाळीची साडी, वडे वाढायला घेतलेलं ताट, आणि हे पांघरूण. सगळं एकाच हाताचं काम आहे, एकाच वळणाचं. त्यांनी काही म्हणायच्या आत आपण काहीतरी द्यायचं.

आमच्या सासूबाईंच्या ट्रंकेत आहेराची वही होती. कोणी कुठल्या कार्यात काय दिलं, तांब्या की पातेलं, साडी की नुसता खण, सगळं त्यांच्या वळणदार अक्षरात. नवीन लग्न झालेली मी ती वही बघून मनात म्हणाले होते, किती हा व्यवहार! आज तिच्याबद्दल मला आदर वाटतो. त्या वहीमुळे घेणाऱ्याला मान राहत होता. तुमचा आहेर आला, आमचा गेला, कोणाच्या डोक्यावर कोणाचं ओझं राहिलं नाही. बाळंतविड्याची गोष्ट आणखी वेगळी. टोपडं, कुंची, झबली, दुपटी, गोधडी, हे सगळं ज्याच्यासाठी जातं ते तान्हं पोर आपलं काही देणं लागत नसतं आणि आपण त्याचं काही देणं लागत नसतो, तिथे देणं निखळ राहू शकतं. पण हाताने विणलेलं पांघरूण आजारी जावेला द्यायचं, याची नोंद कुठल्या वहीत करायची? त्याला किंमत नाही म्हणून त्याची परतफेड नाही. वहिनींना क्रोशा येत नाही, आणि आता त्यांच्या डाव्या हातावर शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर एकमेकींना जोडली आहे, त्या हाताला जपावं लागतं. तिथे बोट ठेवलं तर आत सतत घरघर लागते. त्या हातात बांगड्याही घालायच्या नाहीत असं सांगितलं आहे, म्हणून त्यांच्या एकाच हातात बांगड्या आहेत. अशा बाईच्या मांडीवर मी न फिटणारी वस्तू ठेवायला निघाले होते.

आणि ती ठेवल्यावर त्यांना काय म्हणता येईल? "अगं, किती केलंस!" याच्याशिवाय दुसरं काहीही म्हणणं आपल्या घरांत शोभत नाही. जिने रात्री जागून विणलं, तिला त्याच पांघरुणाखालून "तेव्हा कुठे होतीस?" असं विचारता येत नाही. ज्याला तक्रार करण्याचा पूर्ण हक्क आहे त्याचं तोंड बंद करायचं असेल, तर त्याला काहीतरी मनापासून केलेलं द्यावं. मी हे ठरवून केलं असं नाही. ठरवून केलं असतं तर ते माझ्या लवकर लक्षात आलं असतं. हातांना सवय असते, ते न सांगता करतात. पण सवय माझी आहे आणि हातही माझेच आहेत.

मग पांघरूण उसवून टाकावं का? एका दुपारी तसं मनात आलं, मी सुई काढून टाका मोकळाही सोडला होता. पण त्याने काय होणार? वहिनींना थंडी वाजतेच आहे. माझा हेतू कालवलेला आहे म्हणून त्यांनी कुडकुडायचं, हा आणखी एक अन्याय होईल. तो टाका परत सुईवर घेतला. देणाऱ्याचं मन पूर्ण साफ होईपर्यंत कोणी कोणाला काही द्यायचंच नाही असं ठरलं, तर जगात कोणाला पेलाभर पाणी मिळणार नाही. पांघरूण जायला हवं. फक्त ते ज्या जागी मी ठेवत होते त्या जागी जायला नको. त्याच्या आधी शब्द जायला हवेत, आणि दोन्ही एकत्र जायला नकोत.

शब्दांचीही मला भीती आहे, आणि ती तपासून घेतली पाहिजे. आजारी माणसासमोर जाऊन आपलं मन मोकळं करणं, हेही पुष्कळदा स्वतःसाठीच असतं. मी रडायला लागले तर वहिनी उठून मला पाणी देतील, पाठीवरून हात फिरवतील, "जाऊ दे गं, झालं ते झालं" म्हणतील. आयुष्यभर त्यांनी तेच केलं आहे. म्हणजे पुन्हा त्यांच्याकडूनच सेवा करून घेतल्यासारखं होईल. म्हणून मी स्वतःला दोन अटी घालून घेतल्या आहेत. रडायचं नाही. आणि "मला क्षमा करा" असं म्हणायचं नाही, कारण ते म्हटलं की उत्तर देण्याची जबाबदारी त्यांच्यावर येऊन पडते. जे घडलं तेवढंच सांगायचं. आईंचं सगळं तुम्ही एकटीने केलंत, आम्ही केलं नाही. ते तुमचं काम नव्हतं, ते आपल्या सगळ्यांचं काम होतं. वर्षश्राद्धाला तुम्ही बोललात ते मी ऐकलं होतं. एवढीच वाक्यं. पुढे त्यांना जे बोलायचं असेल ते बोलू द्यायचं, आणि काही बोलायचं नसेल तर गप्प बसू द्यायचं.

कधी जायचं, यावरही विचार केला. पहिल्यांदा सुचलं ते डायलिसिसच्या दिवशी, त्यांच्या पलंगाशेजारी बसून. चार तास निवांत मिळतात, पुतण्या बाहेर असतो, दोघीच असतो. मग लक्षात आलं की त्या चार तासांत वहिनींना उठून जाता येत नाही. हात यंत्राला बांधलेला. बोलणं नको झालं तर तोंड फिरवण्यापलीकडे त्या काही करू शकणार नाहीत. त्या दिवशी संध्याकाळी त्या गळून गेलेल्या असतात, तेही नको. दुसऱ्या दिवशी त्यांना जरा बरं असतं, त्या दिवशी घरी जायचं. त्यांच्या स्वयंपाकघरात, जिथे त्या मालकीण आहेत. नको वाटलं तर त्या मला कांदा चिरायला सांगू शकतात, बाहेर अंगणात जाऊ शकतात, "आता हे कशाला काढलंस?" म्हणून मला गप्प बसवू शकतात. तो हक्क त्यांच्या हातात राहिला पाहिजे.

हातात काही न्यायचं नाही. हे सगळ्यांत अवघड आहे. सासरच्या घरी रिकाम्या हाताने जायचं, तेही आजारी माणसाकडे, माझ्या पिढीच्या बाईला ते जमत नाही. यांना सांगितलं तेव्हा हेसुद्धा म्हणाले, "अगं, निदान थोडी फळं?" डायलिसिसच्या माणसाला फळं मोजून द्यावी लागतात, पोटॅशियम वाढतं. ते कारण मी पुढे केलं आणि सुटले. खरं कारण यांनाही अजून नीट सांगितलेलं नाही. आई यांचीही होती. तो हिशेब यांचा यांनी करायचा आहे, माझ्या जाण्यात तो मिसळायचा नाही.

पांघरूण नंतर जाईल. पुतण्या ऑफिसच्या कामाला पुण्यात येतो, त्याच्याकडे साध्या पिशवीत देईन. वहिनी रागावल्या तरी जाईल, काही न बोलल्या तरी जाईल. त्याच्यासोबत चिठ्ठी नाही, "वापरता ना?" असा फोन नाही, अंगावर घेतलेला फोटो मागायचा नाही. आपल्याकडे चांगली वस्तू जपून ठेवण्याची रीत आहे, कदाचित त्या ते डांबराच्या गोळ्या घालून कपाटात ठेवतील. शेजारच्या पलंगावरच्या बाईला देऊन टाकतील. रक्ताचा डाग पडला म्हणून पायपुसणं करतील. यातलं शेवटचं लिहिताना माझ्या मनाला अजून टोचतं. रंग मळखाऊ आहे, वीण माझ्या हातची आहे, ते टोचणारच. पण ते टोचणं माझ्याकडे राहील, मिरजेला जाणार नाही.

कोयना एक्सप्रेसचं तिकीट काढलं आहे. पांघरुणाची किनार अजून व्हायची आहे, चारी बाजूंनी मुक्या खांबांची एक फेरी, की काम पुरं. बसलं तर एका दुपारचं आहे. जाण्याआधी ते पुरं केलं तर मी ते सोबत नेईन, एवढं मी स्वतःला ओळखते. किनार आल्यावर करेन.